'सर्व्हर डाऊन' हे निदान नव्हे

सरकारी रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला 'सर्व्हर डाऊन आहे' असे शब्द ऐकू आले, की रांगेतला प्रत्येक माणूस एकच अर्थ लावतो : आज उशीर होणार. पहाटेच्या एसटीने आलेली माणसे पिशवीतून जुने केसपेपर काढून ठेवतात, खिडकीमागचा कारकून फोन लावतो, कंत्राटी तंत्रज्ञ येतो, काहीतरी करतो आणि वीस-पंचवीस मिनिटांनी पडदा पुन्हा उजळतो. काय झाले होते, असे विचारले तर उत्तर मिळते, 'रीस्टार्ट मारला.' ताप कशाने आला होता, या प्रश्नाला 'पॅरासिटामॉल दिली' असे उत्तर देणाऱ्या इंटर्नला राउंडवर काय ऐकून घ्यावे लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र रुग्णालये हेच उत्तर वर्षानुवर्षे मान डोलावून स्वीकारत आली आहेत.

यात गमावण्यासारखे बरेच आहे. आज केसपेपर क्रमांक, रक्तगट, तपासणीचे अहवाल, औषधभांडारातला साठा, आंतररुग्णाची खाट, सगळे एका डेटाबेसमध्ये असते. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे १४ अंकी 'आभा' क्रमांकही त्याला जोडला जातो. हा डेटाबेस दिवसातून दोनदा कोसळत असेल तर फक्त रांग लांबत नाही. कोसळण्याच्या क्षणी जी नोंद अर्धी लिहिली गेली होती तिचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही.

हे समजून घ्यायला डेटाबेसची रचना थोडी पाहावी लागेल. रुग्णालयाची जुनी रेकॉर्ड रूम डोळ्यांसमोर आणावी. खिडकीवरचा माणूस मागणी ऐकून घेतो, ती समजून घेतो आणि आत पाठवतो. आतला माणूस प्रत्यक्ष गठ्ठे लावतो, काढतो, परत ठेवतो. डेटाबेस सर्व्हरमध्येही असेच दोन थर असतात. वरचा थर प्रश्न समजून घेतो. खालचा थर, म्हणजे 'स्टोरेज इंजिन', माहिती डिस्कवर प्रत्यक्ष कशी ठेवायची ते ठरवतो. स्वीडनमध्ये १९९५ साली सुरू झालेल्या मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसचे वैशिष्ट्य असे, की त्यातला आतला माणूस बदलता येतो. २००८ साली आलेल्या त्याच्या ५.१ या आवृत्तीपासून तर चालू सर्व्हरला नवे इंजिन प्लग-इन म्हणून जोडण्याची सोय झाली. मायकेल विडेनियस या त्याच्या जनकाने पुढे मारियाडीबी हा त्याचाच वेगळा अवतार काढला, त्यातही ही सोय कायम राहिली. (दोन्ही डेटाबेसना त्याने आपल्या मुलींची नावे दिली आहेत : थोरली माय, धाकटी मारिया.)

सुरुवातीची बरीच वर्षे मायआयसॅम नावाचे इंजिन मायएसक्यूएलमध्ये आपोआप मिळत असे. ते चपळ होते, साधे होते. पण त्याची पद्धत म्हणजे कागद आला की थेट गठ्ठ्यात घुसवायचा. मध्येच वीज गेली तर कागद अर्धा आत, अर्धा बाहेर. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर असा तक्ता 'क्रॅश झालेला, दुरुस्ती करा' असे सांगत पडून राहतो. दुसरे इंजिन इनोडीबी, फिनलंडच्या हेइक्की तूरी यांनी लिहिलेले. त्याची पद्धत किराणा दुकानदाराची : आधी कच्च्या वहीत नोंद, मग सवडीने पक्क्या खात्यात. मध्येच सर्व्हर कोसळला तर पुन्हा उठल्यावर ते आधी कच्ची वही वाचते, पूर्ण झालेले व्यवहार खात्यात चढवते आणि अर्धवट राहिलेले पुसून टाकते. २०१० साली आलेल्या ५.५ या आवृत्तीपासून इनोडीबी हेच मूळ इंजिन झाले. पण जुन्या सॉफ्टवेअरमधले तक्ते आपोआप बदलत नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेले सॉफ्टवेअर डागडुजी करत चालवणाऱ्या संस्थेत मायआयसॅम आणि इनोडीबी शेजारी-शेजारी नांदत असण्याची शक्यता बरीच असते.

अशा मिश्र संसाराचा धोका सांगण्यासारखा आहे. समजा, रुग्णाला औषध दिल्याची नोंद इनोडीबीच्या तक्त्यात आणि औषधभांडारातला साठा मायआयसॅमच्या तक्त्यात आहे. व्यवहार मध्येच फसला आणि मागे घ्यावा लागला, तर इनोडीबी आपली नोंद मागे घेते. मायआयसॅमला मागे घेणे ठाऊकच नाही. औषध दिल्याची नोंद नाही, पण साठा मात्र कमी झालेला. महिनाअखेरीला औषधनिर्माता हिशेब जुळवत बसतो, कधी त्याच्यावर संशयही घेतला जातो.

याहून गमतीचा आणि डॉक्टरांना चटकन कळेल असा एक प्रकार आहे. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये एखादा तक्ता अमुक इंजिनात बनव असे सांगितले आणि ते इंजिन उपलब्ध नसले, तर सर्व्हर मुकाट्याने आपल्या मूळ इंजिनात तो बनवून मोकळा होत असे. एक इशारा नोंदवला जाई, पण तो मुद्दाम मागितला तरच दिसे. चिठ्ठीवर लिहिलेले औषध नव्हते म्हणून दुकानदाराने दुसरेच दिले आणि रुग्णाला सांगितले नाही, असा हा कारभार. इनोडीबी आहे असे समजून वर्षभर निर्धास्त राहिलेला माणूस पहिल्या क्रॅशनंतर पाहतो, तो सगळे तक्ते मायआयसॅमचे. नव्या आवृत्त्यांत अशी बदली मूळ मांडणीतच बंद केलेली असते. जुन्या सर्व्हरवर ती बंद आहे का, हे पाहणे पाच मिनिटांचे काम आहे.

आता कोसळण्याविषयी. प्लग-इन हा शब्द ऐकला की वाटते, जोडले तसे काढता येईल, बिघडले तर तेवढेच बिघडेल. तसे नसते. जोडलेले इंजिन सर्व्हरच्या त्याच प्रोसेसमध्ये, त्याच मेमरीत राहते. त्यात एका ठिकाणी चुकीच्या पत्त्यावर हात घातला गेला, की ऑपरेटिंग सिस्टीम संपूर्ण सर्व्हरलाच ठार करते. एका तक्त्यासाठी हौसेने बसवलेले इंजिन अशा वेळी नोंदणी, प्रयोगशाळा, औषधभांडार सगळ्यांना घेऊन बुडते. वर सर्व्हरची राखण करणारी दुसरी व्यवस्था असते, ती त्याला लगेच पुन्हा उठवते. खिडकीवर फक्त दोन मिनिटे पडदा गोठल्यासारखा दिसतो. दिवसातून आठ वेळा असे झाले तरी 'आज नेट स्लो आहे' यापलीकडे कोणाला पत्ता लागत नाही.

पत्ता लागतो तो एरर लॉगमध्ये. हा सर्व्हरचा केसपेपर. सर्व्हर मरताना शक्य असेल तर त्यात कोणत्या सिग्नलने मृत्यू आला ते लिहितो, त्या क्षणी कोणता प्रश्न चालू होता तो लिहितो आणि आत कोणकोणती फंक्शन्स एकमेकांना बोलावत होती त्यांची यादी देतो. वाचायला क्लिष्ट, पण वैद्यकीय शिक्षण घेतलेल्याला यातले तर्कशास्त्र परके नाही.

सिग्नल ११ असेल तर मेमरीत चुकीच्या जागी हात घातला गेला. संशय कोडमधल्या दोषावर किंवा खराब रॅमवर. सर्व्हर स्वतःच त्या संदेशात सुचवतो, की हा दोष कोडचा असू शकेल, चुकीच्या पद्धतीने बनवलेल्या एखाद्या भागाचा असू शकेल किंवा यंत्रसामग्रीचा. सिग्नल ६ असेल तर सर्व्हरने जाणूनबुजून प्राण सोडला आहे. हे विचित्र वाटेल, पण इनोडीबीला डिस्कवरचे पान दूषित आढळले किंवा आतला एखादा धागा कुलपाची वाट पाहत ६०० सेकंदांपेक्षा जास्त अडकून राहिला, तर ते मुद्दाम सर्व्हर पाडते. चुकीची माहिती देत राहण्यापेक्षा बंद पडलेले बरे, असा त्यामागचा विचार आहे, आणि रुग्णाच्या रक्तगटाच्या संदर्भात तो शहाणपणाचाच म्हणायला हवा. अशा वेळी इंजिनाला दोष देणे म्हणजे धुराचा भोंगा वाजला म्हणून भोंगा फोडणे. दोष बहुधा मरू घातलेल्या डिस्कमध्ये किंवा कोणीतरी चालवलेल्या राक्षसी अहवालात असतो.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. लॉगमध्ये मृत्यूची काहीच नोंद नाही, थेट पुढच्या जन्माची पहिली ओळ. हा बहुधा खून असतो. यंत्राची मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल सर्वांत जास्त मेमरी खाणारी प्रोसेस हेरून मारतो, आणि डेटाबेसच्या यंत्रावर ती प्रोसेस डेटाबेसच असते. सर्व्हरला शेवटचा शब्द लिहायलाही सवड मिळत नाही. त्याची नोंद कर्नलच्या लॉगमध्ये सापडते, आणि तिथे न पाहताच 'इंजिन खराब' असा शेरा मारला जातो.

फंक्शन्सच्या यादीत जोडलेल्या इंजिनाचे नाव दिसले की प्रकरण मिटले, असेही नाही. मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडल्याने' असे लिहिणाऱ्या डॉक्टरला वरिष्ठ विचारतात, की बाबा रे, हृदय कोणाचे बंद पडत नाही? ती मृत्यूची रीत झाली, कारण सांग. यादी सर्व्हर कुठे मेला ते सांगते. विष कोणी दिले ते दुसरीकडे असू शकते. म्हणून लॉगमधले पाच-सहा मृत्यू शेजारी-शेजारी ठेवून पाहायचे. दर वेळी तोच प्रश्न, तीच फंक्शन्स असतील तर कोडचा दोष. तो प्रश्न दुसऱ्या यंत्रावर, डेटाच्या प्रतीवर चालवून पाहिला तर तिथेही सर्व्हर पडायला हवा. दर वेळी ठिकाण वेगळे, प्रश्न वेगळा असेल तर रॅम तपासायला घ्यावी. आणि आवृत्ती बदलल्यानंतर लगेच त्रास सुरू झाला असेल तर प्लग-इन त्याच आवृत्तीसाठी बनवलेले आहे का, ते आधी पाहावे. औषधाची रिअ‍ॅक्शन ठरवताना संशयित औषध थांबवून पाहतात. त्याच न्यायाने प्रतीवरचा तो एक तक्ता इनोडीबीत बदलून, तोच ताण पुन्हा देऊन पाहता येतो. एका वेळी एकच बदल. एकाच दुपारी रॅम, आवृत्ती आणि इंजिन असे तिन्ही बदलले आणि त्रास थांबला, तर शिकायला काहीच मिळत नाही.

जोडलेल्या इंजिनांच्या इतिहासात टोकूडीबीचे उदाहरण बोलके आहे. 'फ्रॅक्टल ट्री' नावाच्या नव्या रचनेवर उभे असलेले हे इंजिन अमेरिकेतल्या विद्यापीठीय संशोधकांच्या टोकूटेक कंपनीने बनवले. कल्पना खरोखरच हुशारीची होती : प्रचंड माहिती झपाट्याने लिहिणे आणि ती दाबून कमी जागेत बसवणे. २०१३ साली ते मुक्त स्रोत झाले, २०१५ साली पर्कोना या कंपनीने टोकूटेक विकत घेतली. ज्यांच्याकडे नोंदींचा पूर होता त्यांनी आनंदाने ते बसवले. पण लिनक्समधल्या 'ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस' या सोयीशी त्याचे पटत नसे. ती चालू असली की मेमरीचा वापर फुगत जाई. शेवटी निर्मात्यांनी असे केले, की ती सोय चालू दिसली तर टोकूडीबी सुरू व्हायलाच नकार देई. हेही सिग्नल ६ सारखेच, आधी सावध करणारे दुखणे. ज्याने लॉग वाचला त्याचे काम एका ओळीत झाले. ज्याने वाचला नाही त्याला वाटले, तक्ते नाहीसे झाले.

पुढे पर्कोनाने टोकूडीबीचा विकास थांबवला. मारियाडीबीच्या १०.६ या आवृत्तीतून ते काढले गेले, पर्कोनाच्या ८.० मालिकेतूनही गेले. ज्यांचा डेटा त्यात होता त्यांना तो आधी दुसऱ्या इंजिनात हलवावा लागला, नाहीतर जुन्या, दुरुस्ती न होणाऱ्या सर्व्हरवर अडकून राहावे लागले. यात कोणी लबाडी केली नाही. मुक्त जगात इंजिने येतात, बहरतात, सांभाळणारा उरला नाही की जातात. पण ज्या संस्थेला वैद्यकीय नोंदी वर्षानुवर्षे सांभाळायच्या आहेत, तिने वेगाच्या आकड्याला भुलून इंजिन निवडू नये. बाजारात नुकतेच आलेले प्रतिजैविक पहिल्याच दिवशी प्रत्येक सर्दीला लिहिणाऱ्या डॉक्टरविषयी जे मत असावे, तेच अशा तंत्रज्ञाविषयी असायला हरकत नाही. रुग्णालयाच्या मुख्य नोंदींसाठी एकच, रुळलेले, कच्ची वही ठेवणारे इंजिन. प्रयोग करायचे तर ते वेगळ्या सर्व्हरवर, आकडेवारीच्या अहवालांसाठी.

सर्वाधिक नुकसान मात्र क्रॅशने होत नाही, घाईच्या उपचाराने होते. इंजिन लोड झाले नाही तर त्याचे तक्ते उघडत नाहीत. माहिती डिस्कवर शाबूत असते. घाबरलेला माणूस अशा वेळी तक्ता पुसून नवा बनवतो आणि शाबूत माहिती खरोखर घालवतो. इनोडीबी सुरूच होत नसेल तर त्याला जबरदस्तीने उठवण्याची एक सेटिंग आहे, १ ते ६ अशा पायऱ्यांची. पहिल्या पायऱ्या सौम्य आहेत. ४ पासून पुढे डेटा कायमचा खराब होऊ शकतो, असा स्पष्ट इशारा मायएसक्यूएलच्या अधिकृत पुस्तिकेतच दिला आहे. इंटरनेटवरून कुठेतरी वाचून थेट ६ टाकणारे तंत्रज्ञ असतात, आणि सर्व्हर उठला म्हणून त्यांचे कौतुकही होते. मूळ फायलींची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतल्याशिवाय या सेटिंगला हात लावणे म्हणजे संमतिपत्राशिवाय आणि रक्ताची सोय न करता पोट उघडणे आहे.

तशीच एक छोटी, उपद्रवी तडजोड. इनोडीबीची कच्ची वही प्रत्येक व्यवहारागणिक डिस्कवर पक्की लिहिली जाते, त्यामुळे थोडा वेळ जातो. वेग वाढवायला हे लिहिणे साधारण सेकंदातून एकदाच करण्याची सोय आहे. खिडक्या भराभर चालू लागतात, सगळे खूश. मग वीज जाते, यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलेली असते आणि शेवटच्या सेकंदातल्या नोंदी नाहीशा होतात. एका सेकंदात किती नोंदी होतात, असे कोणी म्हणेल. अपघात विभागात त्या सेकंदाला कोणाची नोंद झाली, यावर ते अवलंबून आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की बाहेर तीनशे माणसे उभी असताना लॉग वाचत बसायला वेळ कोणाला आहे? आक्षेप रास्त आहे. सर्व्हर आधी सुरू व्हायलाच हवा. पण कोसळलेल्या रुग्णाला सलाईन लावण्यापूर्वी नमुन्याचे रक्त काढून ठेवतात, त्याला मिनिट लागते. रीस्टार्टपूर्वी एरर लॉग आणि कर्नलचा लॉग बाजूला कॉपी करायलाही तेवढाच वेळ लागतो. वाचन दुपारी, ओपीडी आटोपल्यावर करता येते. दुर्दैवाने देखभालीच्या करारात 'किती तासांत सेवा पूर्ववत' एवढेच कलम असते आणि दंडही त्यावरच. कारण शोधण्याचे कलम नसेल तर कारण शोधणारा माणूस कंत्राटदार कशाला पाठवील? प्रत्येक क्रॅशची तारीख, सिग्नल, चालू असलेला प्रश्न आणि काढलेला निष्कर्ष असा एक पानी अहवाल सात दिवसांत द्यावा, आणि तो आला नाही तर बिल थांबावे, एवढी एक ओळ निविदेत घातली तरी पुष्कळ फरक पडेल. माता मृत्यूचे अन्वेषण आपल्याकडे होतेच की.

कागदाची तयारीही हवी. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये सायबर हल्ल्यामुळे सर्व्हर बंद पडले आणि नोंदणीपासून नमुने गोळा करण्यापर्यंतची कामे अनेक दिवस हाताने करावी लागली. तिथले कारण वेगळे होते, पण खिडकीवरच्या माणसाला कारणाशी कर्तव्य नसते. छापील केसपेपरचा आगाऊ क्रमांक टाकलेला गठ्ठा प्रत्येक खिडकीवर असावा, आणि त्या क्रमांकांची मालिका संगणकाच्या मालिकेपेक्षा वेगळी असावी. तसे नसेल तर नंतर नोंदी चढवताना दोन रुग्णांना एकच क्रमांक जातो.

एक गोष्ट अजून, जी तंत्रज्ञांच्या सहसा ध्यानात येत नाही. क्रॅशचे खोलवर निदान करायचे तर सर्व्हरच्या मरणक्षणीच्या मेमरीची प्रत, म्हणजे 'कोअर डम्प', इंजिन बनवणाऱ्यांकडे पाठवावी लागते. ते शवविच्छेदनच असते आणि उपयोगीही असते. पण त्या मेमरीत त्या क्षणी हाताळल्या जात असलेल्या रुग्णांची नावे, पत्ते, निदाने उघडी असू शकतात. एचआयव्ही बाधिताची माहिती गुप्त राखणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे, डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ साली झाला. तेव्हा आधी फक्त फंक्शन्सची यादी पाठवावी. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागते. कोअर डम्प पाठवणे भागच पडले तर अधीक्षकांच्या लेखी परवानगीने, कुलूपबंद करून, आणि काम झाल्यावर दोन्हीकडची प्रत पुसल्याची नोंद घेऊन. बहुसंख्य सर्व्हरवर ही फाइल आज एखाद्या फोल्डरमध्ये तशीच पडून असेल, आणि डिस्क भरली म्हणून सर्व्हर पुन्हा पडेपर्यंत तिच्याकडे कोणी पाहणार नाही.